समुद्राचा कोरा कोपरा

प्रिय मेहुणे यांस,

सप्रेम नमस्कार. आपली होडी सध्या कोठे आहे हे ठाऊक नसल्याने हे पत्र आपल्या नेहमीच्या बंदराच्या कचेरीत पाठवीत आहे. आपली प्रकृती, शिडे आणि दाढी सुस्थितीत असावी. इकडे सर्व क्षेम आहे असे लिहिण्याचा प्रघात आहे. त्याचा मान राखून तसे लिहितो. अक्षर वाकडे आले आहे, कारण दोन्ही तळहातांना पट्ट्या बांधल्या आहेत. त्याचा खुलासा पुढे येईलच.

पत्रास कारण की, चित्रकार, नट, गिर्यारोहक व एकट्याने समुद्रावर जाणारे लोक यांच्या हाती चार माणसे सोपवू नयेत, हे माझे मत आपण अनेकदा (बहुधा जेवताना) ऐकले आहे. ते मत मी रीतसर मागे घेत आहे.

आपल्या ताईच्या पश्चात तिच्या नाटकमंडळीने मला अध्यक्ष केले, ते केवळ मी कधी उशिरा येत नाही म्हणून. मी लगेच लेखी सूचना काढल्या. पहिली अशी की, तिने रंगवलेल्या शेवटच्या पडद्याला कोणीही हात लावू नये. पडद्यावर समुद्र आहे, आपण तिला वर्णन करून सांगितलेला. तिची रीत आपल्याला माहीत आहेच: खालचा एक कोपरा कोरा ठेवायचा आणि पहिल्या प्रयोगाच्या दिवशी, तिसऱ्या घंटेच्या अगोदर, सगळ्यांच्या देखत रंगवायचा. ("काम संपलं असं वाटलं की नट आळशी होतात," असे ती म्हणे.) या पडद्याचा कोपरा अर्थात कोराच राहिला. माझी दुसरी सूचना अशी की, बुडत्या जहाजाच्या कप्तानाला डोलकाठीला बांधायचे ते खऱ्या दोराने व खऱ्या गाठींनी.

कप्तान म्हणजे आपले दातांचे डॉक्टर. रविवारी दुसरी घंटा झाली, प्रेक्षागृह भरले, डॉक्टरांना बांधले, आणि वरच्या कप्पीतून एका बाजूचा दोर निसटला. पडदा ज्या जाड लाकडी दांडीला लावला आहे ती एका टोकाने खाली आली आणि डॉक्टरांच्या डोक्यावर हातभर अंतरावर झोके घेऊ लागली. पडद्याचा खालचा कोपरा डोलकाठीच्या खिळ्यात अडकला होता, म्हणून दांडी वर जाईना. दुसऱ्या बाजूचा दोरही सुटू लागला. तो मी धरला. (तळहातांचा खुलासा हाच.) अशा प्रसंगी काय करावे, हे मी सूचनांमध्ये आठवू लागलो, मोठ्याने.

"सर, सूचना नंतर! आधी मला सोडवा!" डॉक्टर ओरडले.

तेवढ्यात राणीच्या वेषात वादळ आले. (ही मुलगी सुटीत बर्फाचे डोंगर चढते, मंडळीत तिला याच नावाने ओळखतात.) तिने कोणाचाही सल्ला घेतला नाही. एकाला शिडी आणायला पिटाळले, बाकीच्यांना माझ्यामागे दोराला लावले आणि कपडेपटातली कात्री घेतली. डॉक्टरांच्या दोरावर ती कात्री चालेना. गाठी तर ताणून दगड झाल्या होत्या.

"हलू नका डॉक्टर, जराही दुखणार नाही," ती म्हणाली. हे वाक्य डॉक्टर रोज दुसऱ्यांना ऐकवतात. त्यांचा चेहरा पाहण्यासारखा झाला.

मग ती माझ्याकडे वळली. "सर, कोपरा कापावा लागेल. बाईंचा पडदा आहे. तुम्ही बोला."

मेहुणे, माझ्या हातून दोर इंचाइंचाने सरकत होता. त्या पडद्यानंतर आपल्या ताईच्या हातून दुसरे काहीही झालेले नाही. दांडी करकरली. डॉक्टरांनी डोळे मिटले. तिने अशा वेळी काय केले असते हे मला पक्के ठाऊक होते: तिने विचारलेच नसते.

"कापा," मी म्हणालो.

तिने कोपरा कापला, दांडी मोकळी झाली, आम्ही ती वर ओढली, वादळ राणीच्या वेषातच शिडीवर चढले आणि दोर कप्पीत बसवला. तिसरी घंटा वेळेवर झाली. फाटका समुद्र फारच अर्थपूर्ण आहे, असे एका जाणकाराने मध्यंतरात मला सांगितले. मी आभार मानले.

तात्पर्य: ज्यांना सगळे कळेपर्यंत थांबायची सवय नाही आणि जे आपल्या हाताने केलेले मोडायला भीत नाहीत, तेच पुढे असावेत. माझ्यासारख्याने दोर धरावा.

आपला,
भावोजी

ता. क. मी राजीनामा दिला आहे. वादळ पुढच्या महिन्यात डोंगरावर जात असल्याने आपली एकमताने अध्यक्षपदी निवड झाली. (सूचक मीच.) आपली संमती गृहीत धरली आहे. होडीत आपल्याला विचारणार कोण?

पुन्हा ता. क. कापलेला कोपरा माझ्या टेबलावर आहे. त्यावर रंगाचा ठिपकाही नाही. तो जोडण्यापूर्वी रंगवावा म्हणून मी दुकानात गेलो. दुकानदाराने विचारले, "कोणता निळा?" मी रंग न घेताच परत आलो. तो समुद्र आपण पाहिला आहे. अध्यक्षपद नको असेल तर राहू द्या, पण या.