नळी पिवळी झालीच नाही

गुरुवार, संध्याकाळ

गगनबावड्याहून आणलेल्या सप्तरंगी या औषधी वेलीच्या मुळातून वेगळा काढलेला घटक आज प्रयोगशाळेत तपासला. अन्नाची साखर करणारं एन्झाइम चालू असलं, की नळीतलं द्रावण पिवळं होतं. आज हा घटक टाकल्यावर ते पिवळं झालंच नाही, म्हणजे एन्झाइम अडलं! माझंच काही चुकलं का? पुन्हा केलं, तिसऱ्यांदा केलं. पिवळं नाही म्हणजे नाही!

घरी पळत येऊन आबांना सांगितलं. त्यांना कधीपासूनचा मधुमेह. लगेच म्हणाले, “मग आण की मला चमचाभर.”

“अजून उंदरालाबी दिलं न्हाय, आबा. लई वर्षं लागतील.”

“मग तवर मला टिकाय पायजे की,” म्हणाले, आणि एरवी माझ्याशी भांडून भांडून घेतात ती गोळी त्यांनी आपणहून काढून गिळली.