भिंतीचं पाणी

५ मे १९५७, रविवार
हाताला चार फोड. कापसाच्या जिनिंगच्या ऑफिसातले आम्ही सहाजण श्रमदानाला गेलो. सरजाबाईचं घर होळीनंतर जळालं, ते बांधून द्यायचं. मागच्या दसऱ्याला नागपूरला जाऊन बौद्ध झालेली बाई. एकटीच असते. आमच्या हेडक्लार्कनं, बडेबाबूंनी, मला गावच्या विहिरीवर लावलं. फॅक्टरीतला दोर, बादली, अन् मातीवर पाणी ओतत राहायचं. सरजाबाई चिखल तुडवते. मी आलो की बाजूला सरते. "तिथंच ओता, बाबू." समजूतदार आहे. पण दिवसभरात घोटभर पाण्याचं विचारलं नाही तिनं, हे खटकलं. पाटलांकडून ताक आलं म्हणून जीव वाचला.
घरी हिचं सुरू: "भिंतीत खिळा ठोकायला सुतार लागतो तुम्हाला!"

१२ मे, रवि.
भिंती कमरेपर्यंत. ऊन मरणाचं. दुपारी सरजाबाई घागर घेऊन नाल्याकडे गेली. वाळूत झिरा खणून वाटीवाटीनं पाणी भरते. मी सहज विचारलं, विहीर वीस पावलांवर असताना एवढ्या लांब का?
हसली. "त्या विहिरीचं पानी भिंतीले चालते, बाबू. मले नाई चालत."
मी बादली घेऊन तसाच उभा.
संध्या. — मला माहीत नव्हतं, असं लिहिणार होतो. खोटं. तिच्या लोकांना त्या विहिरीवर चढू देत नाहीत, हे सगळ्यांना माहीत असतं, मलाही होतं. दोन रविवार तिच्या पायांपाशी तेच पाणी ओतलं अन् काही दिसलं नाही. वर पाणी विचारलं नाही म्हणून तिलाच नावं ठेवली. लाज वाटते.

१९ मे, रवि.
बडेबाबूंशी बोललो, सरजाबाईला विहिरीवर पाणी काढू द्यावं म्हणून. "आपण घर बांधायला आलो, गाव सुधारायला नाही. छपराची लाकडं पाटील देणार आहेत, विसरू नका." म्हटलं, अस्पृश्यतेविरुद्ध कायदा झालाय. "कायद्यानं छप्पर होत नाही." मी बादली उचलून पुन्हा विहिरीकडे गेलो.
सरजाबाईनं ऐकलं होतं. निघताना म्हणाली, "येत्या इतवारी मी सोता पानी काढतो. बादली घेतली म्या. दोर नाई. तुमचा आनजा."
"लाकडं नाही आली तर? पाऊस तोंडावर आहे."
"दोन मयने झाडाखाली काढले. अजून काढीन."
मी नुसती मान हलवली. कशासाठी, मलाच माहीत नाही. तिनं होकार धरला.

२५ मे, शनि.
बडेबाबू म्हणाले, उद्या श्रमदान बंद, ऊन फार. मागच्या रविवारी काय चांदणं पडलं होतं? कुणी विचारलं नाही. मीही नाही. कापसाच्या वजनकाट्यावरचा भाऊराव कानाशी लागला, "जाऊ नको लेका. तिचं घर बी जाईन अन् तुही नोकरी बी."
सरजाबाईला निरोप गेलेला नाही.

२६ मे, रवि., सकाळी
फॅक्टरीतून आणलेला दोर सायकलला बांधला. सोडला.
"आज काम बंद ना?" हिनं विचारलं. हो म्हणालो.
नोकरीची भीती आहे, नाही कशाला म्हणू. त्याहून मोठी भीती ही, की माझ्या दोरापायी तिचं छप्पर जाईल. पण ते तर तिनं कधीच ठरवलंय. मग माझं काय अडलंय?
पुन्हा बांधला.
सात वाजले. ती विहिरीवर बादली घेऊन उभी असेल. दोर अजून माझ्या दारात. निघतो.