सावकाश

अण्णा, आज दुपारी तुमच्या आवाजाला क्लिक लावली. क्लिक म्हणजे काय ते आधी सांगते, नाहीतर तुम्ही चष्मा कपाळावर सरकवून माझ्याकडे बघत बसाल. नवीन जालन्यात माझी रेकॉर्डिंगची एक खोली आहे. शाळांच्या गॅदरिंगची गाणी, बियाण्यांच्या जाहिराती, असलं सगळं संगणकावर करते. त्या सॉफ्टवेअरमध्ये टिकटिक करून लय देणारा मेट्रोनोम असतो, पण तो नुसता ऐकू येतो, रेकॉर्डिंगमध्ये उतरत नाही. म्हणून त्याची टिकटिक वेगळ्या ट्रॅकवर गाण्याच्या लांबीएवढी रेकॉर्ड करून ठेवायची आणि वाजवणाऱ्याने ती कानात घेऊन वाजवायचं. तुम्ही हेच काम आईकडून करून घ्यायचात, तेही तिला न विचारता.

मी दहा वर्षांची, स्वयंपाकघरात भिंतीला टेकून तबला घेऊन बसलेली. आई ज्वारीची भाकरी थापते आहे आणि तुम्ही कचेरीचे कपडे न बदलताच दारात उभे. "तिच्या हाताकडं बघ. ती जल्दी करती का? मंग तू कामून पळून राह्यली?" आई वैतागायची. "मी काय घड्याळ हाय का तुमचं? भाकर करपली तर तुमच्याच ताटात वाढीन." तसं ती वाढायचीही, आणि तुम्ही निमूट खायचात. माझी लय त्या थापांवर बसली. बसली असं निदान मी धरून चालले होते.

तुम्ही गेल्यावर तुमची एक जुनी कॅसेट आईनेच काढून दिली. म्हणाली, "त्यांच्या आवाजाची शीडी करून दे, टेप तर बंदच पडलाय." तुमच्या बदनापूरच्या कचेरीतल्या वार्षिक कार्यक्रमाची कॅसेट. मी तेरा वर्षांची होते. कर्मचाऱ्यांची गाण्याची स्पर्धा, तुम्ही पेटीवर, तुम्हीच चाल लावलेलं गाणं, आणि साथीला मी. टेपरेकॉर्डर कुणीतरी माझ्या डग्ग्याशेजारी ठेवला होता, त्यामुळे माझा तबला ढणढण आणि तुम्ही लांब कुठेतरी. तिसऱ्या अंतऱ्यात तुम्ही एक शब्द विसरलात. शब्द कोणता, तर 'सावकाश'. पहिल्या रांगेत तुमचे साहेब आणि सगळी कचेरी, कुणीतरी हसलं. नंबर गेला. स्टेशनवर परतीच्या गाडीची वाट बघताना मी तुम्हाला काय बोलले ते मला शब्दन् शब्द आठवतं. "तुमच्यामुळं गेला नंबर. पाठ न्हाई तर गायचं कशाला लोकांसमोर?" तुम्ही रुमालाने मान पुसलीत. "हो बाई, इसरलोच मी. तू बिलकुल बराबर वाजवलं." मग शेंगांची पुडी घेऊन आलात आणि गाडी येईपर्यंत सोलून सोलून मला देत राहिलात. मी त्या खाल्ल्या, पण रुसलेलीच राहिले. पुढे कित्येक महिने कचेरीतले लोक तुम्हाला "काय गवय्ये, आठवलं का?" असं विचारायचे, हे तुम्हीच हसत सांगायचात.

त्यानंतर तुम्ही चारचौघांत गायला नाहीत. पेटी पलंगाखाली गेली. आई विचारायची तर म्हणायचात, "आता पाठ ऱ्हात न्हाई." मलाही ते खरंच वाटलं.

तर माझा बेत असा होता, की सॉफ्टवेअरने तुमचा आवाज तबल्यापासून वेगळा काढून थोडा वर आणायचा आणि तबला मी नव्याने वाजवायचा. आता हात बरा बसलाय. त्यासाठी क्लिक हवी. तबला सुरू होण्याआधी तुम्ही एकट्याने गायलेल्या दोन ओळींवरून लय मोजली, टिकटिक रेकॉर्ड केली आणि सगळं एकत्र लावलं. पहिला अंतरा, दुसरा अंतरा, तुम्ही टिकटिकीवर नेमके. तिसऱ्यात तबला पुढे निघाला. आधी केसभर, मग अर्धी मात्रा, मग दोन. मी पळत होते, अण्णा. पहिल्या रांगेतल्या साहेबांना बघून मी पळत सुटले होते. तुम्ही ओळभर जागचे हलला नाहीत, माझी वाट बघितलीत. मी काही थांबत नाही म्हटल्यावर तुम्ही 'सावकाश' गिळून टाकलात, तेवढी जागा वाचवलीत आणि पुढच्या समेवर माझ्याबरोबर येऊन उभे राहिलात. संगणकाच्या पडद्यावर आवाजाच्या रेघांत सगळं दिसतं. मी ते सात-आठ वेळा लावलं. मग लाइट गेली, तेव्हा बरं वाटलं, कारण मला धड बघता येत नव्हतं.

तबला कापून मागे सरकवता येईल. हल्ली काहीही करता येतं. पण जो शब्द तुम्ही म्हटलाच नाहीत तो मी आणू कुठून? शेवटी क्लिक पुसली आणि नवा तबला वाजवलाच नाही. कॅसेटवर होतं तसंच सीडीत उतरवलं.

संध्याकाळी आईला ऐकवलं. ती डोळे मिटून, मांडीवर हात ठेवून ऐकत होती आणि बोटं आपोआप थापत होती. तिसरा अंतरा आला तशी हसली. "हितं इसरले बघ ते. तू किती चिडली व्हती त्यांच्यावर."

सांगायला तोंड उघडलं होतं. हे पत्र खरं तर तिलाच वाचून दाखवायला हवं. तुम्हाला यातलं सगळं आधीपासून ठाऊक आहे. पण अण्णा, मी पुन्हा तेच केलं. "हो," म्हणाले, "विसरलेच ते."