वजनावरचं सॅलड

कांचघर, जबलपूर
१४ मार्च २०१९

प्रिय शेवंता,

जय भीम. घरी चंपाबाईंना नमस्कार सांग, त्यांचा गुडघा आता कसा आहे? तुमच्या गढा वस्तीत पाणी येतं का नीट? माझा फोन तू उचलत नाहीस. काल शेजारच्यांच्या फोनवरून लावला, तू हॅलो म्हणालीस आणि मीच ठेवून दिला. म्हणून लिहून राहिली आहे.

तो पहिला दिवस आठवतो. साऱ्या दुकानात हिंदी, आणि तोलून विकायच्या सॅलडच्या काउंटरमागून तू म्हणालीस, "काकू, चटण्या नका घेऊ, वजन त्यांचंच होते." किती बरं वाटलं, बाप्पा! यांच्या किडनीसाठी डॉक्टरांनी चिठ्ठी दिली होती, रोज पाच भाज्या, प्रत्येक थोडी थोडी. दोन माणसांच्या घरात अख्खी कोबी, अख्खी लौकी आणली की निम्मी सडते. तू डबा भरायला शिकवलंस. कोबी जास्त, काकडी निथळून, पनीरकडे पाहायचंच नाही. पावभरात आमचं दोघांचं भागायचं. चिठ्ठीत टमाटर नाही म्हणून तू मला ते कधी घेऊ दिलं नाहीस.

हे सारं तुला माहीतच आहे. मी वेळ काढून राहिली आहे.

चिठ्ठीच्या शेवटी लिहिलं होतं, कच्चं नको, भाजी उकडा आणि पाणी फेकून द्या. आमच्या घरी भाजीचं पाणी फेकलेलं मी जन्मात पाहिलं नाही. आई त्याचं सार करायची, बाळंतिणीला द्यायची. सत्त्व तं त्यातच, असं ऐकत वाढली. इतकं निवडून, तोलून आणलेलं मोरीत ओतायला माझा हात धजेना. लसूण-जिऱ्याची फोडणी देऊन रोज वाटीभर सार यांना पाजलं. तीन आठवडे. मग एक दिवस हे मोरीतच कोसळले.

भाजीतून पाण्यात उतरतं ते पोटॅशियम रक्तात फार वाढलं, म्हणून हृदय मंद पडलं, असं डॉक्टर म्हणाले. "पानी फेंकती हैं न?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, हो जी.

नागपूरहून माझी नणंद सुहासिनी वन्सं आणि दीर श्रीकांत धावत आले. बाहेरचं काय खात होता, वन्संनी विचारलं. मी सॅलड म्हटलं. देते कोण? मी तुझं नाव सांगितलं. आडनाव विचारलं, तेही सांगितलं. ते ऐकून त्यांनी तोंड कसं केलं ते मला दिसलं, आणि मी गप्प बसली. श्रीकांत दुकानात जाऊन ओरडला. शिळं खाऊ घातलं म्हणाला. त्याच दिवशी तुला काढलं.

काहून गप्प राहिली म्हणशील, तर माझ्याच हातानं नवरा मरत होता हे सासरच्यांपुढे तोंडातून निघेना. दुसरं कारण नाही. लाज वाटते, शेवंता.

परवा यांना सगळं सांगितलं. यांनी ताट बाजूला सारलं. "आधी त्या पोरीचं पाहा," एवढंच म्हणाले.

आज सकाळी मॅनेजरकडे गेली. चूक माझी, असं लिहून दिलं. त्यांनी शांतपणे वाचलं आणि म्हणाले, "नई लड़की रख ली है. अब आप ही बताइए, उसे निकाल दूँ?" निदान त्या कागदावर त्यांची सही आणि शिक्का घेतला. सोबत ठेवला आहे. दुसरीकडे काम मागायला जाशील तेव्हा दाखव. कोणी विश्वास नाही ठेवला तर मला बोलव, मी येऊन सांगीन.

माफी मागत नाही. मागितली तर तुला काहीतरी म्हणावं लागेल, आणि तेवढंही तुझ्यावर टाकायचं नाही मला.

दुपारी श्रीकांतला फोन करून खरं सांगितलं. तो म्हणाला, वहिनी, मी एवढा ओरडलो, तरी ती पोरगी एक शब्द उलटून बोलली नाही. फक्त विचारलं, "काका वाचतील ना?" मी उत्तर न देता निघून आलो.

काका वाचले, शेवंता. हे तुला कळवायला मला सोळा दिवस लागले.

जया