पूजेआधी घागर नाही

५ फेब्रुवारी १९७९

नोकरी लागली!! हॉस्पिटलच्या पीपीपीत – पोस्ट पार्टम प्रोग्रॅम. बाळंतिणींच्या घरी जाऊन आई-बाळ बघायचं. नर्स विमलबाई तपासणार, मी रजिस्टर लिहिणार. बाई म्हणाल्या, "इंग्लिश मीडियम ना तू? मग वस्तीवर तोंड बंद आणि कान उघडे ठेव."

९ फेब्रुवारी

पिंपळे सौदागर, नाल्याकडची वस्ती. शालन – वीस वर्षांची, दुसरं बाळंतपण, नखं पांढरीफटक. विमलबाईंनी बजावलं, दोन महिने जड उचलायचं नाही. पण वस्तीच्या विहिरीत पलीकडच्या कंपनीचं तेलकट पाणी झिरपतं. म्हणून प्यायचं पाणी मैलभर लांबून, डोक्यावर! सासू गिरजाबाई म्हणाल्या, "सवा महिना झाला की उचलंल. आमी न्हाई उचलल्या घागरी?"

असा राग आला!

१२ फेब्रुवारी

लायब्ररीतल्या मॅगझिनमध्ये दुसरं पीपीपी सापडलं! पोल्यूटर पेज प्रिन्सिपल – ज्यानं पाणी घाण केलं, त्यानंच खर्च भरायचा. फॉरेनला मोठी चर्चा आहे म्हणे. लगेच कंपनीच्या मॅनेजरना चार पानी लेटर टाइप केलं. फर्स्टक्लास इंग्रजीत!

२० फेब्रुवारी

उत्तर नाही. स्वतः गेले. गेटवरचे वॉचमन करीमचाचा म्हणाले, "बेटी, साहेब कागद वाचत नाहीत. फक्त प्रॉडक्शन वाचतात."

२३ फेब्रुवारी

उद्या शालनचा सवा महिना संपतो. गिरजाबाई आज तिची पांढरी नखं निरखत बसल्या होत्या.

२४ फेब्रुवारी

कमालच! सवा महिन्याच्या रीतीप्रमाणे शालन ओटी, हळदकुंकू घेऊन विहिरीच्या पूजेला निघाली, तर गिरजाबाई कडाडल्या – "असल्या पान्याची पूजा? न्हाई व्हायची! आन पूजा झाल्याबिगर वस्तीतल्या एकाबी बाईनं घागर उचलायची न्हाई. बाटतं!" बघता बघता वस्तीतल्या सगळ्या बायकांनी घागरी पालथ्या घातल्या.

केवढी ही अंधश्रद्धा! रजिस्टरमध्ये तसं लिहिलंसुद्धा. विमलबाईंनी खोडायला लावलं.

२७ फेब्रुवारी

पाणी आता पुरुष आणतात. शालनचा नवरा कोंडीराम अर्धी घागर स्वतःवर सांडून घरी आला. बायका ओट्यावरून – "अवो, चुंबळ डोक्यावर ठेवायची, खांद्यावर न्हाई!" शालन इतकी हसली, की बाळ दचकून उठलं.

६ मार्च

वस्तीतले अठराच्या अठरा गडी त्याच कंपनीत. पाणी भरून रोज फर्स्ट शिफ्टला लेट! काल लाइनच सुरू होईना. आज मॅनेजर जीपनं वस्तीवर. कोंडीराम म्हणाला, "साहेब, मेमो देऊ नका, पानी द्या. टायमावर येतो का न्हाई बघा."

१६ मार्च

नळ आला!!! कंपनीच्या खर्चानं! विहीर उपसायला पंपही, नि तेलाची गटार बंद करणार. शालनच्या नखांवर जरा गुलाबी आलंय. मी विमलबाईंना म्हटलं, बघा – माझं लेटर! त्या म्हणाल्या, "हो गं बाई."

१९ मार्च

गिरजाबाईंना विचारलं, हा पूजेआधी घागर न उचलायचा रिवाज किती जुना?

त्यांनी दाराबाहेर डोकावून बघितलं.

"ह्याच माघातला. म्याच काढला. गड्यांस्नी सांगू नगंस."