सातशे एकोणतीस स्तूप आणि एक उमा

व्हिटबी, कॅनडा, ९ फेब्रुवारी २०१३

तीर्थरूप ताईस,

राजनचा साष्टांग नमस्कार (गुडघे वाकतात तेवढाच). तुझी कंबर कशी आहे? इकडे बर्फ कंबरेपर्यंत आलाय, बाकी क्षेम.

मंडालेला जाऊन आलो. लग्नाला चाळीस वर्षं झाली म्हणून उमाला विचारलं, कुठे जायचं? म्हणाली, इंग्रजांनी थिबा राजाला जिथून कैद करून आपल्या रत्नागिरीत आणला, ते त्याचं गाव बघू. लहानपणी रत्नागिरीतल्या त्याच्या राजवाड्यावरून शाळेत जायची ना ती. (मी क्रूझचं ब्रोशर आणलं होतं. ते रिसायकलिंगला गेलं.) तिकडे प्रत्येक पॅगोड्यात, मठात बूट आणि मोजेही बाहेर काढायचे. डोक्यावर ऊन, खाली तापलेली फरशी, आणि माझे पाय इकडचे अडतीस हिवाळे बुटांत काढलेले.

त्यात कुथोडॉ पॅगोड्यात उमा हरवली. (ती म्हणते, मी हरवलो.) तिथे सातशे एकोणतीस पांढरे स्तूप ओळीने उभे आहेत, प्रत्येकात धर्मवचनं कोरलेली एकेक शिळा, आणि सगळे अगदी एकसारखे. मी इंजिनिअर, मला नकाशा लागत नाही, असं सांगून पुढे निघालो आणि वळून बघतो तर ही नाही. आधी रांगा मोजल्या, मग मोजणंही सुटलं. ताई, गेल्या वर्षी तिच्या हृदयाचं ऑपरेशन झालं. तुला घोर नको म्हणून कळवलं नव्हतं, रागावू नकोस. अनवाणी उड्या मारत मी "उमा, उमा" ओरडत धावत होतो. चाळीस वर्षांत तिला नावाने एवढ्या मोठ्यांदा हाक मारली नव्हती. (घरी बेसमेंटमधून नुसतं "अगं" म्हटलं तरी भागतं.)

अर्ध्या तासाने सापडली. झाडाखाली एका फुलवाल्या म्हातारीशेजारी बसून मोडक्या हिंदीत गप्पा चालल्या होत्या. (म्हातारी ती बाजारातल्या हिंदुस्थानी व्यापाऱ्यांकडून शिकलेली.) तुम्ही कुठल्या, असं म्हातारीने विचारलं तर उमाने सांगितलं, रत्नागिरी. (कॅनडाचं नावही नाही!) म्हातारीने तिचा हात धरला.

"हमारा राजा वापस क्यों नहीं आया?"

"आने नहीं दिया," उमा म्हणाली.

म्हातारीने फुलं बाजूला सारली. मग म्हणाली, "और तुमको कौन रोकता है?"

उमाने माझ्याकडे बघितलं. फरशी फार तापली आहे, असं मी म्हणालो.

तेव्हापासून ती त्यावर एक अक्षर बोललेली नाही. काल मी ड्राइव्हवेवरचा बर्फ फावड्याने उपसत होतो आणि ती खिडकीतून बघत होती. तिचं न बोलणं तुला माहीत आहे.

तुझा,
राजन

ता. क. तुझ्या माडीवरच्या दोन खोल्या रिकाम्या असतील तर एवढ्यात भाडेकरू ठेवू नकोस. नोव्हेंबर ते एप्रिल आम्ही येतो म्हणतो.

आणखी ता. क. उमाने पत्र वाचलं. डोळे पुसून म्हणाली, "एप्रिल खोडा." खोडला आहे असं समज.