तीन ठिपक्यांचा दांडा

वस्ताद, त्या डॉक्टरांच्या लहान मोटरीच्या पहिल्या फेरीबद्दल तुम्ही शेवटपर्यंत मला काही बोलला नाहीत, आणि मीही विचारलं नाही. तुम्हाला जाऊन आता तीस वर्षं होत आली. माझे केस गेले, कारखाना दोन्ही मुलं बघतात, मी नुसता दारात खुर्ची टाकून बसतो. तरी कुणी जुनी गाडी घेऊन आलं आणि तिचा रंग नवा दिसला, की माझं नख आपोआप रंग खरवडायला जातं. मुलं वैतागतात. "बाबा, गिऱ्हाईक बघतंय की!" म्हणतात. बघू दे. जुन्या गाडीला नवा रंग कशाला लागतो, हा तुमचा प्रश्न माझ्या अंगात मुरला आहे, तो आता निघायचा नाही.

मी तुमच्याकडं आलो तेव्हा चोवीस वर्षांचा होतो, लग्न झालेला, बापाच्या सुतारकामाला कंटाळलेला. महाराजांचं राज्य होतं. कोल्हापुरात मोटरी होत्या त्या बहुतेक राजवाड्याच्या आणि सरदारांच्या, आणि त्यांचे कारागीर वेगळे. पंचगंगेच्या वाटेवरच्या आपल्या पत्र्याच्या शेडमध्ये यायची ती टांग्यांची चाकं, गुऱ्हाळाचे चरक, आणि अधूनमधून कुणाची तरी थकलेली मोटर. त्यामुळं गडहिंग्लजचे ते डॉक्टर आपली मोटर घेऊन आले तो दिवस मला लख्ख आठवतो. मोटर बैलजोडीला बांधलेली होती. पुढं गाडीवान, मागं दोरखंडाला ही हिरवीगार चिमुकली गाडी, आणि तिच्यात डोक्यावर टोपी घालून, ताठ बसून, चाक धरलेले डॉक्टर. बाजारातून येताना लोकांनी त्यांना सोडलं नव्हतं. "पावणं, बैलांस्नी घासलेट पाजलंय काय?" असं कुणीतरी ओरडलं होतं म्हणे. डॉक्टर धर्मानं जैन, घरचा व्यापार सोडून शिकलेले, फार सज्जन आणि फार लाजलेले. बेळगावच्या एका दलालाकडून गाडी स्वस्तात मिळाली होती. नेसरीपर्यंतच्या खेड्यांत तापाची साथ होती आणि बैलगाडीनं ते पोचेपर्यंत रोगी हातचा जायचा. "थोडंसंच काम आहे म्हणाला दलाल," ते म्हणाले. "पंधरा दिवसांत होईल ना?"

तुम्ही गाडीभोवती दोन फेऱ्या मारल्या. मग म्हणालात, "असली गाडी म्या पयल्यांदाच बघतोय, डाक्टर. पर हिचा रंग मला आवडंना. जुन्या गाडीला नवा रंग कशाला लागतोय?"

पुढचे आठ दिवस तुम्ही मला संशय घ्यायला शिकवलंत. यंत्र शिकवण्याआधी संशय. प्रत्येक नट आधी कुणी खोललाय का ते बघायचं, त्याच्या कडा झिजल्यात का ते बोटानं चाचपायचं. तेलाचा वास घ्यायचा. तिसऱ्या दिवशी आपण गिअरची पेटी उघडली, तर आतलं तेल लापशीसारखं घट्ट. तुम्ही ते चिमटीत धरून माझ्या हातावर ठेवलंत. "सुताराचा न्हवं तू? सांग, काय हाय." मी ते चोळलं आणि वास घेतला. सागवानाचा भुसा होता. झिजलेल्या दात्यांचा आवाज येऊ नये म्हणून कुणीतरी पेटीत भुसा कोंबला होता. आयुष्यात पहिल्यांदा माझं सुतारकाम मोटरीच्या कामी आलं म्हणून मी हसलो. तुम्ही हसला नाहीत. डॉक्टरांना दाखवलं तेव्हा त्यांचा चेहरा उतरला. "म्हणजे मला फसवलं?" तुम्ही म्हणालात, "व्हय. आन् जितकं सापडलंय तितकंच फसवलंय असं समजू नगा."

मग आपण कामाला लागलो. दाते घासून सारखे केले, बेअरिंगमध्ये नवीन धातू ओतला, व्हॉल्व्ह कुरुंदाच्या दगडाची पूड लावून घासून बसवले. क्लचचं कातडं पार जळालं होतं. तसलं कातडं मुंबईहून मागवावं लागेल असं मला वाटलं होतं, पण तुम्ही मला पायताणं करणाऱ्या चांभाराकडं धाडलंत. त्यानं म्हशीचं कातडं कापून दिलं, एरंडेलात भिजवून ठेवायला सांगितलं, आणि मोटरीत ते नेमकं कुठं बसतं हे समजावून घेईपर्यंत मला सोडलं नाही. मी परत आलो तेव्हा सकाळ सरत आली होती. तुम्ही गाडीचं पुढचं अंग एकट्यानंच खोललं होतं. स्टेअरिंगचं चाक फिरवलं की पुढची दोन चाकं वळवतो तो दीड वीत लांबीचा लोखंडी दांडा जागेवर नव्हता. मी विचारलं तर तुम्ही माझ्याकडं न बघता म्हणालात, "ते मी बघतो. तू हात लावू नगंस."

असं तुम्ही कधी बोलला नव्हतात. तुमच्या हाताखाली मला कुठल्याच वस्तूला मनाई नव्हती. त्या दिवसापासून काम थांबलं. तुम्ही येत होता, बसत होता, विडी ओढत होता. बसायच्या गोणपाटाखाली काहीतरी लांबट ठेवलेलं असायचं आणि उठताना तुम्ही ते सारखं करून उठायचा. डॉक्टरांना तुम्ही सांगितलंत की पुढच्या कामाला अजून बरेच दिवस लागतील. का, ते सांगितलं नाहीत. मी तुम्हीच शिकवल्यासारखा तुमच्याकडं बघू लागलो. पंधरा दिवसांपूर्वी गाडीवर घेतला तसा संशय मी आता तुमच्यावर घेत होतो.

गावाकडं येऊन-जाऊन असलेल्या डॉक्टरांनी मला एकदा वाटेत गाठलं. गावाकडून दोन मृत्यूंचा निरोप आला होता, ते कावले होते. "खरं सांग," ते म्हणाले. "लोक म्हणतात, मिस्त्री चांगले भाग काढून दुसरीकडं लावतात. तुझा वस्ताद तसला आहे का?" वस्ताद, मला त्या वेळी 'न्हाय' एवढा एकच शब्द बोलायचा होता. मी म्हणालो, "मला ठाऊक न्हाय." डॉक्टर निघून गेले.

पुढच्या जुम्म्याला तुम्ही नमाजाला गेलात तेव्हा मी गोणपाट उचललं. खाली तोच दांडा होता. वरवर बघता त्याला काही झालं नव्हतं. मग तुमचीच रीत केली: घासलेटात बुडवून ठेवला, स्वच्छ पुसला, वर खडूची पूड चोपडली आणि वाट पाहिली. हळूहळू पांढऱ्यावर केसासारखी एक काळी रेघ उमटली. आत शिरलेलं घासलेट फटीतून बाहेर येत होतं. दांडा मधोमध जुन्या सांध्याला तडकला होता. अशा दांड्यानं डॉक्टर घाट उतरले असते तर एखाद्या वळणावर तो तुटून चाकं वळलीच नसती. मी सांध्याजवळची पूड पुसली आणि खाली तीन ठिपके दिसले, टोच्यानं मारलेले, त्रिकोणात. ते ठिपके मी रोज बघत होतो. तुम्ही जोडलेल्या प्रत्येक लोखंडावर ते असायचे.

तुम्ही दारात कधी येऊन उभे राहिलात ते मला कळलं नाही.

"बघितलास?"

"व्हय."

मला वाटलं तुम्ही ओरडाल. तुम्ही आत आलात, टोपी काढून खिळ्याला अडकवलीत आणि माझ्या समोर जमिनीवर बसलात. "तवा ही गाडी काळी हुती," तुम्ही म्हणालात. "पयल्या दिवशी खरंच वळखली न्हाय. दांडा हातात आला तवा वळखली." सात-आठ वर्षांपूर्वी शाहूवाडीकडचा एक लाकडाचा ठेकेदार काळी मोटर बैलांना बांधून, तिचा मोडका दांडा घेऊन आला होता. मोटर म्हणजे काय हे तुम्हाला तेव्हा धड माहीत नव्हतं. टांग्याचा आस जोडतात तसा तुम्ही तो भट्टीत तापवून घणानं जोडलात, ठिपके मारलेत, दिलात. महिन्याभरानं बाजारात ऐकलं की गाडी घाटात खड्ड्यात गेली, आणि ड्रायव्हर गेला. कुणी म्हणालं, तो प्यालेला होता. तुमच्याकडं कुणी विचारायला आलं नाही. तुम्हीही कुणाला विचारायला गेला नाहीत.

"आट दिस ह्येच बघतोय," तुम्ही दांडा उचलून उजेडात धरलात. "तडा आधी गेला, का गाडी आपटल्यावर गेला? फटीतला गंज बघतोय, कडा बघतोय. समजंना. सगळ्या गाडीचं खोटं मला दिसलं रं, आन् माझ्याच हातचं दिसंना." मी तेव्हा काही तरी धीराचं बोलायला हवं होतं. पण तुम्ही खरं सांगताय का, निम्मंच सांगताय, एवढंच माझ्या डोक्यात चाललं होतं.

दुसऱ्या दिवशी डॉक्टर आले. तुम्ही दांड्याला पुन्हा घासलेट आणि खडू केलात, तो त्यांच्या हातात दिलात आणि सगळं सांगितलंत, ड्रायव्हरसकट. शेजारचे दोन दुकानदार ऐकत होते, तरी आवाज खाली आणला नाहीत. डॉक्टरांनी त्या काळ्या रेघेवरून नख फिरवलं.

"हे मला का सांगताय?" त्यांनी विचारलं. "गुपचूप बदलला असता तर मला कळलंही नसतं."

"एकदा गुपचूप बसलोय, डाक्टर."

"मी तुमच्या माणसाला विचारलं होतं तुमच्याबद्दल. त्यालाही तुमची खात्री नव्हती."

मी मान वर केली नाही. तुम्ही म्हणालात, "बराबर हाय त्येचं. म्याच शिकिवलंय." तुमच्या आवाजात टोमणा नव्हता. असता तर बरं झालं असतं.

डॉक्टरांनी गाडी दुसरीकडं नेली नाही. "नवा करा," एवढंच म्हणाले. आपण रेल्वेच्या जुन्या डब्याचं पोलाद मिळवलं आणि एकसंध दांडा घडवला, एकही सांधा न ठेवता. सांडशी तुमच्या हातात, घण माझ्या. चार दिवस माझे खांदे भरून आले होते. दांडा गार झाल्यावर तुम्ही तो दोरीला टांगून हातोडीनं वाजवलात, तीनदा घासलेट आणि खडू केलात, आणि तिन्ही वेळा पूड पांढरीच राहिली. मी विचारलं, "ठिपके मारू का नको?" मला वाटलं, नको म्हणाल. "मार," तुम्ही म्हणालात. "उद्या कायबी झालं तर कुणाला इचारायचं ते समजाय पायजे की."

पहिली फेरी रंकाळ्याच्या रस्त्यानं काढायची ठरली. इंजिन दुसऱ्या झटक्याला सुरू झालं. भुशाशिवायचं गिअर थोडं कुरकुरत होतं, पण खरं कुरकुरत होतं. गल्लीतली माणसं गोळा झाली होती. तुम्ही चाकावर बसलात आणि शेजारची जागा हातानं झाडून मला म्हणालात, "बस."

तो दांडा मी स्वतः घडवला होता, वस्ताद. त्याचा कण अन् कण मला माहीत होता. तरी मी म्हणालो, "शेड उघडी हाय, हत्यारं पडल्यात. तुम्ही जाऊन या." तुम्ही माझ्याकडं बघितलंत. मग गर्दीतून डॉक्टर पुढं झाले, धोतर सावरलं आणि माझ्या जागेवर बसले. ज्याला सगळ्यांनी फसवलं तो माणूस बसला. गाडी वळणावर गेली, चाकं वळली, आणि तुम्ही दोघं दिसेनासे झालात. मी रिकाम्या शेडमध्ये उभा राहिलो. तिथं राखण्यासारखं काही नव्हतं.

परत आल्यावर तुम्ही फक्त म्हणालात, "डाव्या चाकात हवा कमी हाय, बघ." त्यानंतर तुम्ही चार वर्षं होता. मला सगळं शिकवलंत, शेवटी शेडही माझ्या हाती दिलीत. छातीच्या दुखण्यानं अंथरुणाला खिळलात तेव्हा रोज संध्याकाळी मी तुमच्या पायाशी बसायचो आणि वाट बघायचो की आज तरी विचाराल, का बसला नाहीस रं. तुम्ही विचारलं नाहीत. डॉक्टरांनी ती गाडी पुढं बरीच वर्षं वापरली. साथी आल्या, गेल्या. दांड्याला काही झालं नाही.

तुम्हाला वाचता येत नव्हतं. हा कागद पाठवायचा तर तो तुमच्या मुलीकडं पाठवावा लागेल. ती आता आजी झाली आहे. दर ईदला माझ्याकडं खिरीचा डबा धाडते आणि नातवंडांना माझ्याकडं बोट दाखवून सांगते, "अब्बांनी डाक्टरांची मोटर दुरुस्त करून चालवली तवा ह्ये शेजारी बसलेले." तिला ते मीच सांगितलं आहे. तुमच्या मयतीच्या दिवशी सांगितलं, ती फार रडत होती म्हणून. आणि त्यानंतर ज्यानं विचारलं त्या प्रत्येकाला सांगत आलो. माझ्या मुलांनाही तेच माहीत आहे. हा कागद तिच्या घरी गेला तर ती तो मोठ्यानं वाचेल. म्हणून तो इथंच राहू दे.